वारसा-वाट रोजच्या पावलांसाठी हवी

शहरातील ऐतिहासिक स्थळे आणि उद्याने एका पायवाटेने जोडायची, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. अहमदाबादमध्ये १९ नोव्हेंबर १९९७ रोजी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा ‘हेरिटेज वॉक’ सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. सिंगापूरने १९९० च्या दशकापासून एक उद्यान दुसऱ्याला जोडणाऱ्या वाटांचे जाळे विणले. त्याची लांबी तीनशे किलोमीटरच्या पुढे गेली आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही अशी वाट होऊ शकते आणि व्हायला हवी. मात्र ती कोणासाठी, हे आराखड्याच्या पहिल्याच पानावर ठरले पाहिजे. वर्षातून एकदा येणाऱ्या पर्यटकासाठी आखली, तर कमान, फलक आणि सेल्फी पॉइंट एवढ्यावर ती संपेल. शहरात राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, साखर वाढलेल्या माणसासाठी आखली, तर तिचा नकाशा, रुंदी, सावली आणि खर्च सारेच बदलेल. तिची दुसरी आखणीच धाराशिवच्या हिताची आहे.

जोडण्यासारखे या शहरात बरेच काही आहे. शहराच्या नावाशी लोकपरंपरेने जोडलेले धारासुरमर्दिनी देवीचे मंदिर आहे. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. कपालेश्वराचे मंदिर, हातलादेवीची टेकडी आणि तिच्याजवळचा तलाव आहे. शहराबाहेर काही किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात कोरलेली धाराशिव लेणी आहेत. तेथे पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे आणि अपभ्रंश भाषेतल्या ‘करकंडचरिउ’ या जुन्या जैन काव्यात या लेण्यांचे वर्णन आल्याचे अभ्यासक मानतात. ही स्थळे, पालिकेची उद्याने आणि सकाळी लोक फिरायला जातात ती मैदाने यांच्यामध्ये सलग, सुरक्षित चालण्याजोगी वाट असली, तर देवदर्शन, भाजी आणि व्यायाम एकाच फेरीत होऊ शकतो.

या जिल्ह्याला चालणे शिकवावे लागत नाही. तेरच्या गोरोबाकाकांची परंपरा वारीची आहे. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर हजारो भाविक रात्रभर चालत येतात. अडचण वेगळी आहे. वर्षातून एकदा इतके चालणारा माणूस एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही दुचाकीला किक मारतो. शरीराचा हिशेब मात्र वार्षिक नसतो.

चालताना पायांचे स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा त्यांच्या पेशींमधील ग्लुकोज आत घेणारी द्वारे इन्शुलिनची वाट न पाहता उघडतात. रक्तातली साखर स्नायूंत जाते. चालणे थांबल्यावरही काही काळ स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात. हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. म्हणूनच मधुमेही व्यक्तीने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये, असा सल्ला दिला जातो. म्हणजे औषधाच्या गोळीप्रमाणे चालण्याचाही ‘डोस’ ठरावीक अंतराने घ्यावा लागतो. वारसा-वाटेचे यश मोजायचे तर वर्षभरात किती पाहुणे आले, हे विचारून भागणार नाही. एकच माणूस आठवड्यात किती वेळा तिच्यावर आला, हे मोजावे लागेल.

प्रश्न किती मोठा आहे, हे देशाच्या आकड्यांतून दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. ही संख्या दहा कोटींच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. त्यात स्त्रियांचे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांचे ४२ टक्के आहे. घरकामाने दमलेल्या बाईला ‘तुम्ही व्यायाम करत नाही’ असे सांगणे सोपे आहे. तिला अंधार पडल्यावर निर्धास्तपणे चालता येईल असा रस्ता देणे, हे पालिकेचे काम आहे.

यात दिलासा देणारी बाबही आहे. दिवसाला दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. वैद्यकीय संशोधनातून तो आलेला नव्हता. २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांतील सुमारे सत्तेचाळीस हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. साठीच्या पुढच्यांमध्ये सहा ते आठ हजार पावलांपर्यंत मृत्यूचा धोका कमी होत जातो आणि नंतर फायदा स्थिरावतो, असे त्यात दिसले. साठीच्या आतल्यांसाठी हा टप्पा आठ ते दहा हजारांचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते. सलग दहा मिनिटे चालले तरच ते मोजायचे, ही जुनी अट तिने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. आता मंदिरापर्यंतची सहा मिनिटे आणि बाजारातून परतीची आठ मिनिटेही हिशेबात धरली जातात.

उद्याने जोडण्यामागेही शास्त्र आहे. दहा देशांतील चौदा शहरांत झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जास्त उद्याने, एकमेकांना मिळणारे रस्ते आणि जवळ बसथांबे असलेल्या वस्त्यांची तुलना इतर वस्त्यांशी केली गेली. सर्वांत अनुकूल वस्त्यांतले रहिवासी आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटे अधिक हालचाल करत होते. दीडशे मिनिटांचे निम्मे काम केवळ वस्तीची रचनाच करून देते, असा याचा अर्थ निघतो. त्या चौदांत भारतातले एकही शहर नव्हते, म्हणून आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे.

मग वाट कशी असावी? पहिली गोष्ट, ती एका लांब रेषेऐवजी छोट्या वर्तुळांची असावी. मिनिटाला साधारण शंभर पावले हा मध्यम वेग धरला, तर अर्ध्या तासात तीन हजार पावले, म्हणजे अंदाजे दोन किलोमीटर होतात. एका उद्यानातून निघून दोन-तीन स्थळांवरून त्याच उद्यानात परत आणणारी अशी अर्ध्या तासाची वर्तुळे आखावीत आणि ती एकमेकांना जोडावीत. लेण्यांपर्यंतचा टप्पा सुट्टीच्या सकाळसाठी वेगळा ठेवावा. फलकांवर राजवटींच्या सनावळ्या लिहिताना पुढच्या बाकापर्यंत किती मिनिटे आणि किती पावले, हेही लिहावे.

दुसरी गोष्ट पायाखालची. भारतीय रस्ते काँग्रेसचे निकष पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे सांगतात. व्हीलचेअर आणि काठी टेकत चालणारा माणूस समोरासमोर आले तर एवढी जागा लागतेच. उखडलेले किंवा पावसात निसरडे होणारे पेव्हर ब्लॉक वृद्धांचे खुबे मोडतात. रंगीत फरशीपेक्षा सपाट, खरखरीत पृष्ठभाग महत्त्वाचा.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट सावलीची. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी गाठतो. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी किती कमी झाले हे चालणाऱ्याला कळतही नाही. म्हणून पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि सावलीतला बाक या सोयी सर्वांत आधी हव्यात. त्यांच्याशिवाय वाट फक्त हिवाळ्यापुरती उरेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्याने टँकरच्या रांगा पाहिल्या, तिथे झाडांना पाणी कुठून द्यायचे? उत्तर झाडाच्या निवडीत आहे. पाणी तुटले की झाड पानांवरची रंध्रे मिटून घेते आणि बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा घटतो. सावली मात्र राहते आणि चालणाऱ्याला उन्हापासून खरी सुटका तीच देते. कडुनिंब, करंज, चिंच, वड ही इथल्या मातीतली झाडे पहिली दोन-तीन वर्षे जगवली की पुढे बहुतांशी स्वतःच्या बळावर उभी राहतात. शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते या रोपांना देता येईल. कारंजे आणि हिरवळ टाळली, तर तेवढे पाणी रोपांसाठी वाचेल. आणि जी मोठी झाडे आज उभी आहेत, ती रस्ता रुंदीकरणात तोडायची नाहीत, हा नियम नव्या लागवडीपेक्षा स्वस्त पडतो.

आराखडा करण्याआधी एक साधे काम करता येईल. आशा सेविका, शिक्षक, ज्येष्ठ नागरिक आणि अपंग व्यक्ती यांनी मिळून ही सगळी वाट एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा रात्री चालून पाहावी. कुठे दिवा नाही, कुठे गटार उघडे आहे, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे रस्ता ओलांडायला पाच मिनिटे थांबावे लागते, याची यादी करावी. ती यादी हाच आराखड्याचा पहिला मसुदा ठरावा. सल्लागाराचे रंगीत चित्र त्यानंतर यावे.

जुन्या वास्तू टिकतात त्या माणसांच्या वर्दळीने. रोज शेकडो लोक ज्या मंदिरावरून, दर्ग्यावरून, तलावावरून चालत जातात, तिथे पडझड आणि अतिक्रमण लवकर लक्षात येते. चालणाऱ्यांमुळे वारसा राखला जातो आणि वारशामुळे चालण्याला निमित्त मिळते. धाराशिवची वाट या दोन्हींसाठी आखली, तर उद्घाटनाची फीत कापल्यानंतरच्या वर्षीही ती पायाखाली असेल.