तेल नको, कान द्या

घरात काही कुरकुरू लागले की त्याला तेल घालावे, हा धर्म आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. दाराची बिजागरी, झोपाळ्याच्या कड्या, शिवणाचे यंत्र आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे खुद्द यजमानांचे गुडघे. सगळ्यांना औषध एकच. परंतु आपल्या या तेलप्रिय संसारात हल्ली एक वस्तू अशी शिरली आहे की ती कितीही किंचाळली, तरी तिला तेलाचा थेंबही दाखवू नये. ती वस्तू म्हणजे डोंगरी सायकलचा डिस्क ब्रेक. घरातल्या मुलाला किंवा मुलीला अशी सायकल घेऊन दिली असेल, तर पुढचा मजकूर जरा लक्ष देऊन वाचावा. गोष्ट सायकलची असली तरी प्रश्न हाडांचा आहे.

जुन्या सायकलला ब्रेक म्हणजे दोन रबरी गट्टू. दांडा ओढला की ते रिमला बिलगत. नव्या सायकलच्या चाकाच्या मध्याशी, हबला लागून, पोलादाची एक पातळ तबकडी असते. तिच्या दोन्ही अंगांना कॅलिपर नावाच्या चिमट्यात दोन पॅड बसवलेले असतात. मूठ आवळली की पॅड तबकडीला दोन्हीकडून धरतात आणि चाक थांबते. रिम थोडी वाकडी झाली किंवा चिखलाने माखली, तरी हा ब्रेक आपले काम करतो. म्हणून डोंगरवाटांना तो मानवला. दुर्गुण एवढाच, की बिनसले म्हणजे सारी आळी जागी करतो.

कर्जत-खालापूरकडच्या माणसाला ब्रेकची थोरवी सांगावी लागत नाही. बोरघाटातून लोणावळ्याला चढणारा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याची चढण काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट आहे. उतरणारी गाडी घाटात ठरावीक जागी थांबवून ब्रेक ताब्यात आहेत ना, याची खात्री करून घेतात. आणि न थांबणाऱ्या गाडीला अडवण्यासाठी चढाचे आडमार्ग काढून ठेवलेले आहेत. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या १९०७ सालच्या छोट्या गाडीची चढण तर २० फुटांना १ फूट. तिच्या डब्यांच्या सांध्यांवर पूर्वी ब्रेकमन बसत आणि इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळीत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. उतरणाऱ्याला किताब नाही. पण घरचे लोक डोळे लावून बसलेले असतात, ते उतरणाऱ्याच्या वाटेकडे.

पावसाळ्याच्या अखेरीस मी कर्जतला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याचा बेत रविवारी दोस्तांबरोबर खंडाळ्याहून खोपोलीला सायकलने उतरण्याचा. शनिवारी सकाळी त्याने अंगणात सायकल फिरवली मात्र, मागच्या ब्रेकने असा सूर लावला की शेजारच्या गॅलरीत माणसे जमली. बहिणीच्या सासूबाई शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊनच बाहेर आल्या.

“दोन थेंब सोड रे त्याच्यावर. गप्प बसेल बापडा.”

“गप्प बसेल, काकू,” मी म्हणालो, “पण मग थांबणारही नाही.”

“मामा, परवाच मी चेनला तेलाचा फवारा मारला,” भाचा म्हणाला, “आणि तेव्हापासून हा जास्तच ओरडतोय.”

दुखण्याचे निदान त्या एका वाक्यात होते. चेनवर मारलेला फवारा चेनवरच थांबत नाही. त्याचे तुषार चाकाच्या दुसऱ्या बाजूच्या तबकडीवर जाऊन बसतात. आम्ही सायकल घेऊन बाजारातल्या कारागिराकडे गेलो. त्याने मागच्या ब्रेकची मूठ पूर्ण आवळली आणि सायकल पुढे ढकलली. चाक फिरले!

“सर, आवाजाचं नंतर बघू,” तो मला म्हणाला. “हा ब्रेक धरतच नाहीये. उद्या घाटात काय केलं असतं यानं?”

भाच्याचा चेहरा उतरला. आवाज ही ब्रेकची खोडी नव्हती. ती त्याची तक्रार होती.

मुळात ब्रेक ओरडतो का? वर्गात फळ्यावर नवा खडू एखाद्या वेळी जो अंगावर काटा आणणारा आवाज काढतो, त्याचे आणि याचे कुळ एक. खडू फळ्याला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. हे एका सेकंदात शेकडो वेळा घडते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो; तिथे आपण त्याला संगीत म्हणतो. पॅडची पकड तबकडीवर सर्वत्र सारखी असली, की तो शांतपणे धरतो. तेलाच्या डागाने, धुळीने किंवा तापून पॅडच्या पृष्ठावर काचेसारखी चकाकी आल्याने ही पकड बिघडते. मग धर-सोड सुरू होते, आणि तबकडी झांजेसारखी वाजू लागते.

कारागिराने जे केले ते घरीही करता येईल, म्हणून क्रमाने सांगतो. चाक काढून त्याने दोन्ही पॅड बाहेर काढले. तेल प्यालेले ते पॅड त्याने टाकूनच दिले. पॅडमध्ये मुरलेले तेल सहसा पुरते निघत नाही. नुसती चकाकी आली असती, तर सपाट जागी ठेवलेल्या काचपेपरावर घासून ती काढता आली असती. पॅडचा घर्षणाचा थर एक मिलिमीटरहून कमी राहिला असला, तरीही नवेच पॅड घालावेत. मग स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्याने तबकडी दोन्ही बाजूंनी पुसली. फडक्यावर काळे येईनासे होईपर्यंत. त्यानंतर तबकडीला बोट लावायचे नाही, कारण बोटालाही तेल असते. तेलाने चालणारा ब्रेक असेल, तर चाक किंवा पॅड निघालेले असताना मूठ दाबू नये. आतले दट्टे जागा सोडून पुढे येतात. इथे एक मौज आहे. अशा ब्रेकच्या नळीत तेलच असते, आणि तेच पॅडला पुढे ढकलते. म्हणजे तेल हवे, पण आत, बाहेर नको. तेही बनावटीप्रमाणे निरनिराळे असते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

चाक बसवल्यावर त्याने कॅलिपरचे दोन बोल्ट किंचित सैल केले, मूठ आवळून धरली, आणि ते बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट केले. यामुळे कॅलिपर आपोआप तबकडीच्या मधोमध येतो. तबकडीचे आणि कॅलिपरचे बोल्ट सैल असणे हेही आवाजाचे एक कारण. म्हणून ते तपासून पाहिले. शेवटी त्याने भाच्याला सपाट रस्त्यावर पिटाळले. “जरा वेग घे, मग चाक न अडवता चालीच्या वेगावर आण. असं वीस वेळा कर.” या खेपांत पॅडचा एक पातळ थर तबकडीवर सारखा पसरतो आणि खरी पकड येते. नव्या पॅडला हा संस्कार झाल्याशिवाय घाटात नेऊ नये. अकराव्या-बाराव्या खेपेला आवाज बसला. घाट मात्र बहिणीने पुढच्या रविवारवर ढकलला, आणि ते योग्यच झाले.

सगळे आवाज एका जातीचे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. ब्रेक न दाबताच चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘श्श श्श’ असे येत असेल, तर तबकडी किंचित वाकलेली आहे किंवा कॅलिपर तिरपा आहे. पावसात पहिल्या दोन-चार दाबांना भोंगा वाजला आणि पाणी उडाल्यावर थांबला, तर काळजीचे कारण नाही. परंतु धातूवर धातू खरवडल्याचा आवाज आला, तर पॅड संपलेले आहेत. तिथेच उतरावे आणि सायकल हातात धरून चालावे.

आता घाटाचा हिशेब. खंडाळ्याहून खोपोलीला सुमारे ५०० मीटर खाली यावे लागते. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरले, तर या उतारात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर आठ कप चहाचे आधण येईल! तिच्यातला काही भाग वारा घेतो; बाकीचा त्या तबकड्यांच्या माथी. म्हणून मूठ सतत अर्धवट दाबून ठेवू नये. दोन्ही ब्रेक मिळून ठाम दाबावेत, वेग उतरला की सोडावेत, आणि त्यांना वारा लागू द्यावा. घाट उतरल्यावर तबकडीला हात लावून पाहण्याचा मोह टाळावा, बोट भाजेल.

डिस्क ब्रेकचा कंठ जन्मापासूनच असा. १९०२ साली इंग्लंडात लँचेस्टर यांनी मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांनी पॅडला तांबे लावले होते, आणि तो ब्रेक इतका किंचाळे की लोकांना नकोसा झाला. १९०७ साली हर्बर्ट फ्रूड यांनी तांब्याच्या जागी ॲस्बेस्टॉसचे अस्तर सुचवले आणि आवाज बसला. पुढे ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक ठरली. आता सायकलच्या पॅडमध्ये राळेने बांधलेले तंतू किंवा धातूची भुकटी असते. धातूचे पॅड जास्त टिकतात आणि जास्त बोलतात; राळेचे मऊ असतात आणि लवकर झिजतात. पाहा, शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी माणूस या ब्रेकशी आवाजावरून भांडतोच आहे. पण त्याच्यावर तेल ओतून ते भांडण कोणी मिटवलेले नाही.

दिवाळीच्या सुटीत तुमच्या घरातले कोणी घाटाकडे निघणार असेल, तर दोन मिनिटे काढा. एकेक ब्रेक आवळायला सांगा आणि सायकल पुढे ढकलून पाहा. ब्रेक धरलेले चाक फिरले, तर बेत रद्द. मग आवाज असो वा नसो. चाक फिरले नाही आणि थोडी कुरकुर उरली, तर उरू द्या. आपल्याला वेळेवर थांबवणारे बहुतेक सगळे थोडे कुरकुरतातच. प्रत्येक घरात असे एखादे वडीलधारे माणूस असते, आणि त्याच्यावाचून कोणाचे चालत नाही.