घोटा मुरगळलेल्या मुलांना खेळवण्याची घाई नको

१९ ऑक्टोबर २०२३. गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना सुरू होता. लिटन दासने सरळ मारलेला चेंडू पायाने अडवायला गेलेला हार्दिक पंड्या घसरला आणि त्याचा घोटा मुरगळला. षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. पंड्यावर बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत उपचार झाले, तरी घोटा वेळेत सावरला नाही. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेबाहेर गेल्याचे जाहीर झाले.

हीच दुखापत शालेय खो-खो स्पर्धेत आठवीतल्या मुलीला झाली तर? कुणीतरी स्प्रे मारतो, क्रेप बँडेज गुंडाळतो, ‘काही नाही झालं, चालून बघ’ म्हणतो आणि पुढच्या डावात तिला पुन्हा उतरवतो. घरी तेल लावून पाय चोळला जातो, नाहीतर ‘नस बसवणाऱ्या’कडे नेऊन ओढला जातो. सुजलेला घोटा पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळू किंवा ओढू नये.

पाऊल आत वळते तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, कधी फाटतात. वाढत्या वयात आणखी एक धोका असतो. हाड जिथून लांबीला वाढते, तिथे टोकाशी मऊ कूर्चेची चकती असते आणि तिलाही इजा होऊ शकते. त्यामुळे ‘नुसता मुरगळलाय’ हा निकाल मैदानावर उभ्या उभ्या देता येत नाही.

कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे निकष मांडले. दुखापतीनंतर लगेच आणि पुन्हा तपासणीच्या वेळी चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला शिकवायला एक तास पुरेल.

हाड मोडलेले नसेल, तर सुरुवातीला दाबपट्टी, उशीवर उंच ठेवलेला पाय, वेदना कमी करायला कापडात गुंडाळलेला बर्फ. मग, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू हालचाल. महिनाभर पाय जागचा हलवायचाच नाही, हेही चुकीचेच.

खरी हेळसांड पुढे होते. सूज उतरली की मुलगी ‘बरी झाली’ असे सगळे धरून चालतात. पण पाऊल कुठे, कसे पडते आहे याची घोट्याला असणारी जाण दुखापतीने मंदावलेली असते. ती परत आली नाही, तर तोच पाय पुन्हा मुरगळतो. उपाय बिनखर्चाचा आहे: एका पायावर तोल सांभाळणे, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, पुढे लंगडी, नागमोडी धाव. दुखऱ्या पायावरची लंगडी दुसऱ्या पायाइतकी सहज जमेपर्यंत सामना खेळवू नये.

हा निर्णय मुलांवर सोडून चालणार नाही. संघातली जागा, जिल्ह्याची निवड, दहावीचे सवलतीचे क्रीडागुण असे सगळे डोळ्यांसमोर असताना कुठला खेळाडू ‘दुखतंय’ म्हणेल? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला; प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यांच्याकडे पाहून मैदानात येणाऱ्या मुलांसाठी शाळांनी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात: प्रत्येक मैदानावर प्रथमोपचार जाणणारी एक व्यक्ती, सरावाआधी रोज दहा मिनिटे तोलाचे व्यायाम, आणि जखमी खेळाडूला थांबवण्याचा अधिकार प्रशिक्षकाऐवजी त्या प्रथमोपचार करणाऱ्याकडे.