दुरुस्तीचा अधिकार सभासदांपुरताच का?

स्वयंसेवी संस्थेने लोकांसाठी मांडलेल्या माहितीत सभासद नसलेल्याने दुरुस्ती करावी काय? आमचे मत असे की, अवश्य करू द्यावी. मात्र त्यावर देखरेख असावी.

विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तो सर्वांना लेखनाची मोकळीक देऊनच. तिचा दुरुपयोगही झाला. २००५ साली अमेरिकन पत्रकार जॉन सीगेन्थॉलर यांच्यावर केनेडी बंधूंच्या हत्येबाबत खोटा संशय घेणारा निनावी मजकूर त्यात सुमारे चार महिने तसाच राहिला. डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी आवृत्तीने नोंदणी न केलेल्यांस नवे लेख सुरू करण्याची मनाई केली. असलेले लेख सुधारण्याची सरसकट मनाई मात्र केली नाही.

हा विवेक आपल्या संस्थांनीही बाळगावा. दार अजिबात बंद केले, तर ज्याच्याविषयी खोटे लिहिले गेले त्यालाच ते खोडता येणार नाही. संस्थेची घटना, ठराव व हिशेब सभासदांच्याच हाती असोत. इतर मजकुरात प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, जुना पाठ जपावा आणि तपासणीचे काम सभासदांनी आपसांत वाटून घ्यावे. एवढे कष्ट घेण्याची तयारी नसलेल्या सभासदांना बाहेरच्यांची लेखणी अडविण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.