नियम सगळ्यांना सारखाच... मग घोळ कुठे आहे?

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या एन.डी.ए.मधून १७ मुलींची पहिली तुकडी पास आउट झाली. तेव्हापासून मेसमध्ये, कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आता सगळं खुलं झालं ना? मग भेदभाव भेदभाव म्हणून ओरडायचं कशाला? मिलिटरीत नि पोलिसात सगळ्यांना एकच गणवेश, एकच नियम!"

मित्रांनो, मला या 'एकच नियम'बद्दलच बोलायचं आहे. कारण आपल्याला भेदभाव म्हटलं की फक्त बंद दरवाजा दिसतो. तो उघडला की विषय संपला, असं आपण समजतो. तसं नसतं.

बंद दरवाजाचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. १८९०च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचं एक शास्त्र काढलं आणि महार समाजाची लष्करभरती बंद करून टाकली. ज्यांच्या पिढ्या पलटणीत गेल्या, ते एका कागदाने लढायला नालायक ठरले! पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो. शेवटी डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे याच रेजिमेंटमधून जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख आले आणि मेजर परमेश्वरन यांच्यासारखा परमवीरचक्राचा मानकरी आला. त्या 'शास्त्रा'ची किंमत काय होती ते वेगळं सांगायला नको.

हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात दार उघडतात, पण आतली शिडी काढून घेतात.

सैन्यात वैद्यकीय सेवा सोडून इतर शाखांत महिला अधिकारी १९९२ पासून येऊ लागल्या. पण कायम कमिशन नाही. २००८ मध्ये कायदा आणि शिक्षण या शाखांपुरतं ते मिळालं, बाकीच्यांना शॉर्ट सर्व्हिस. म्हणजे जास्तीत जास्त १४ वर्षं नोकरी, आणि अधिकाऱ्याच्या पेन्शनला लागतात २० वर्षं! आपल्यातल्या ज्या मुली टेक्निकल एन्ट्रीचा विचार करतात त्यांनी हा हिशोब जरूर लक्षात ठेवावा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा सरकारकडून एक मुद्दा असा मांडला गेला, की जवान बहुतेक खेड्यातले असतात आणि बाईच्या हाताखाली काम करण्याची त्यांची मानसिक तयारी नसते. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात कोर्टाने हा मुद्दा साफ फेटाळला आणि कायम कमिशनबरोबर कमांडची वाटही मोकळी केली.

मला तर तो मुद्दा जवानांचाही अपमान वाटतो. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या पोरं सैन्यात जातात. त्या गावांत नवरा सीमेवर असताना शेत, घर, देणी-घेणी कोण सांभाळत आलंय? बाईचा हुकूम त्या जवानाला नवा नाही. आणि समजा एखाद्याची तयारी नसली, तर ट्रेनिंग त्याला द्यायचं की शिक्षा तिला?

आता येतो तिसरा प्रकार. हा सगळ्यात अवघड, कारण इथे नियम खरोखरच सगळ्यांना सारखा असतो.

२०२० च्या निकालानंतर सैन्याने महिला अधिकाऱ्यांसाठी निवड मंडळ बसवलं. अट ठेवली 'शेप-१' या सर्वोच्च वैद्यकीय श्रेणीची. पुरुषांनाही हीच अट होती. मग तक्रार कसली? तक्रार अशी, की पुरुषांचा कायम कमिशनसाठी विचार झाला नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे ऐन पंचविशी-तिशीत. त्याच वर्षी महिलांचा विचारच झाला नव्हता. आता चाळिशी-पंचेचाळिशीला आलेल्या बाईला तिशीतल्या पुरुषाची फूटपट्टी लावली. तिच्या बरोबरीचे पुरुष एकदा कमिशन मिळाल्यावर पुढे त्या श्रेणीतून खाली घसरले तरी नोकरीत राहत होते!

आणखी गंमत पुढे आहे. गोपनीय अहवाल मात्र पाचव्या-दहाव्या वर्षापर्यंतचेच धरले. त्यानंतर मिळवलेली पदकं, केलेली कामगिरी सोडून दिली. म्हणजे मार्क जुने आणि फिटनेस आजचा. शिवाय ते जुने अहवाल लिहिणाऱ्या साहेबांना माहीतच होतं, की या बाईंना कायम कमिशन मिळणारच नाही. मग कशाला कोण मन लावून अहवाल लिहितो? २५ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने या सगळ्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर फॉर्म्युला एकच होता, पण बाउंड्री कंडिशन्स वेगळ्या होत्या. उत्तर एकच कसं येणार?

हा निकाल देताना कोर्टाने आधार घेतला कॅनडाच्या एका खटल्याचा, आणि तो होता पोलिसांचा! तिथल्या केंद्रीय पोलीस दलात दोघांनी मिळून एक नोकरी करण्याची सोय होती. ती घेतली प्रामुख्याने लहान मुलं असलेल्या महिलांनी. त्या काळातले कमी पडलेले तास पैसे भरून पेन्शनमध्ये जमा करता येईनात. बिनपगारी रजेवर गेलेल्याला, अगदी निलंबित झालेल्यालाही ती मुभा होती, यांना नाही. नियमात 'महिला' हा शब्दसुद्धा नव्हता. तरी ऑक्टोबर २०२० मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने तो भेदभाव ठरवला, कारण फटका कोणाला बसतो ते त्यांनी पाहिलं. नियम करणाऱ्याच्या मनात काय होतं याला महत्त्व नाही.

आता आपल्या महाराष्ट्र पोलिसांकडे या. २०२२ मध्ये भरतीच्या ऑनलाइन अर्जात लिंगाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, स्त्री आणि पुरुष. तृतीयपंथी उमेदवाराने काय भरायचं? प्रकरण मॅटमध्ये गेलं, तिथून हायकोर्टात गेलं, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये तिसरा पर्याय द्यायला सरकार तयार झालं. कोणी मुद्दाम दुष्टपणा केला असेल असं मला वाटत नाही. फॉर्म बनवताना कोणाच्या डोक्यातच आलं नाही, एवढंच. पण असे फॉर्म कोण बनवतं? आपल्यासारखेच इंजिनिअर!

चांगल्या हेतूनेही घोळ होऊ शकतो. जानेवारी २०२२ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी १२ तासांवरून ८ तास करण्याचा आदेश राज्यात निघाला. गणपतीच्या बंदोबस्तात दिवसभर उभ्या राहिलेल्या बाईला विचारा, हा दिलासा केवढा मोठा आहे. पण फक्त महिलांनाच ८ तास दिले, तर उद्या ठाण्याचा साहेब महत्त्वाच्या तपासाला १२ तासवाला माणूस घेणार आणि हिला टेबलावर बसवणार. मग बढतीच्या वेळी म्हणणार, तुमच्याकडे तपासाचा अनुभव नाही. बारा तास जर माणसाला झेपत नसतील, तर ते पुरुषालाही झेपत नाहीत. ८ तास सगळ्यांनाच द्या ना!

यावर नेहमीचा आक्षेप येणारच. "शत्रू गोळी मारताना बाई-पुरुष बघत नाही. दर्जा खाली आणला तर जवान मरतील." आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दर्जा हवाच, तो कडकच हवा. पण प्रत्येक कसोटीला एक प्रश्न विचारा, की ही कसोटी नक्की काय मोजते? ते काम करण्याची क्षमता मोजत असेल तर तसूभरही सूट नको. सैन्याच्या कायदा शाखेत वकील घेताना ९ पैकी ६ जागा पुरुषांना आणि ३ महिलांना ठेवल्या होत्या. जास्त मार्क असूनही मुली बाहेर राहिल्या. यात कुठला दर्जा सांभाळला गेला? ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वाटणी रद्द केली. मेरिटच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हे उदाहरणही लक्षात ठेवावं.

"मग कोर्ट आहेच की!" असं कोणी म्हणेल. जरा वर्षं मोजा. महिलांच्या कायम कमिशनची पहिली याचिका २००३ ची. हायकोर्टाचा निकाल २०१० चा, आणि त्याला स्थगिती नसतानाही तो दहा वर्षं अमलात आला नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल २०२० चा. एकूण १७ वर्षं! शॉर्ट सर्व्हिसची अख्खी नोकरी १४ वर्षांची. म्हणजे न्याय मिळेपर्यंत करिअरच संपतं.

म्हणून नियम लागू करण्याआधीच तपासायला हवा. आपण कुठलंही डिझाइन टेस्ट न करता साइटवर पाठवतो का? भरती, बदली, बढती, वैद्यकीय तपासणी, प्रत्येक टप्प्यावर कोण गळतंय याचे आकडे दरवर्षी काढा. एकाच गटाची माणसं गळत असतील तर आधी नियम तपासा, माणसं नंतर. हेल्मेट, बूट, बुलेटप्रूफ जॅकेट यांची मापं सगळ्या अंगांवर घेऊन बघा. आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावरून वर जाऊ नये अशी वाट ठेवा. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने अशी समिती सक्तीची केली, बाहेरचा सदस्यही ठेवला. मग डावललेल्या बढतीसाठी तशीच सोय का नको? जिथे वरिष्ठाचा शब्द हा हुकूम असतो, तिथे तर ती जास्तच लागते.

आपल्यातले काही जण उद्या एस.एस.बी. देतील, काही एम.पी.एस.सी.तून पोलिसात जातील, बरेच जण त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर नाहीतर जॅकेट बनवणाऱ्या कंपनीत चिकटतील. तिथे कोणी "नियम सगळ्यांना सारखाच आहे" असं म्हणालं, की एवढंच विचारा, "हो साहेब, पण तो कोणाला समोर ठेवून बनवला होता?"