पेढीवरचे तीन प्रश्न

दिवाळीचे वहीपूजन आटोपले की यवतमाळ, वणी, पांढरकवडा किंवा दिग्रस येथील व्यापारी घरांत अलीकडे एक विषय हमखास निघतो. पुण्यात किंवा बंगळुरूत प्रोग्रामर झालेला मुलगा म्हणतो, "बाबूजी, नोकरी सोडून स्टार्टअप काढावे म्हणतो." वडील विचारतात, "विकणार काय?" मुलगा म्हणतो, "अ‍ॅप." मग दोघेही गप्प होतात. गाठी मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे कसे समजवावे, असे मुलाला वाटते. ज्याला हात लावता येत नाही त्या मालावर घरचे भांडवल कसे लावावे, असे वडिलांना वाटते. वस्तुतः दोघांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही. कोणत्याही नव्या धंद्याविषयी पेढी जे तीन प्रश्न विचारत आली, तेच येथेही लागू पडतात: भांडवल कोणाचे, वाट कोणाची आणि नियम कोणाचा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या काटकर बंधूंच्या उद्योगात सापडते. सातारा जिल्ह्यातून आलेल्या या कुटुंबातील थोरले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणारे अनेक संगणक बिघडलेले नसून व्हायरसने ग्रासलेले असत. त्यावर उतारा म्हणून संजय यांनी प्रोग्राम लिहिले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास त्यातून 'क्विक हील' हे उत्पादन उभे राहिले. बाहेरचे मोठे भांडवल त्यात आले ते २०१० साली, सिकोया या गुंतवणूक कंपनीकडून. तोवर दीड दशक गिऱ्हाइकाच्या पैशावरच धंदा चालला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली.

येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी गिऱ्हाइकाची अडचण, मग माल, मग नफा आणि सर्वांत शेवटी परके भांडवल. अनेक तरुण हा क्रम उलटा धरतात. परके भांडवल वाईट नव्हे; काही धंदे त्याशिवाय उभेच राहत नाहीत. मात्र पैसे देणारा वाढीची घाई करतो. मालाला अद्याप गिऱ्हाईक मिळालेले नसेल, तर ती घाई धंद्याला तारत नाही, बुडवते.

दुसऱ्या प्रश्नाचा धडा यवतमाळच्या रुळांवरच पडलेला आहे. ब्रिटिश काळात वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणि तेथून मुंबईकडे नेण्यासाठी शकुंतला रेल्वेचा अरुंद मार्ग घातला गेला. १९५१ साली देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गाड्या भारतीय रेल्वे चालवीत असे. कापूस येथला, मजूर येथले, प्रवासी येथले. रुळांचा मालक मात्र दुसराच. मार्ग कधी सुधारावा, किती खर्च करावा, हा निर्णय कधीच यवतमाळच्या हाती नव्हता.

आजचे रूळ डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच फरक. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय ही वाट देशी आहे. ती राष्ट्रीय देयक महामंडळाने बांधली. परंतु तिच्यावर सर्वाधिक धावणाऱ्या फोनपे आणि गुगल पे या दोन गाड्यांची मालकी मुख्यतः अमेरिकी कंपन्यांकडे आहे. स्टार्टअपचे अ‍ॅप ज्या दुकानातून लोकांच्या फोनमध्ये उतरते, ते दुकानही परक्याचे. म्हणून प्रोग्रामर मुलाला एवढे विचारलेच पाहिजे: वाटेच्या मालकाने उद्या भाडे वाढवले किंवा दार लावले, तर गिऱ्हाइकांची नोंद तरी आपल्या वहीत उरेल का?

तिसरा प्रश्न राजकारणाचा. तंत्रज्ञानाचा राजकारणाशी संबंध नाही, असे अनेक प्रोग्रामर मानतात. जानेवारी २०२०पासून यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेण्यास सरकारने मनाई केली. दुकानदाराची सोय झाली. पण त्या शुल्कावरच उभे राहू पाहणाऱ्या कंपन्यांचा पाया एका निर्णयाने गेला. कापसाच्या व्यापाऱ्याला अशा धक्क्याची सवय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, आणि त्याच महिन्यात केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत व नंतर ३१ डिसेंबरपर्यंत उठवले. सूतगिरणीला स्वस्त कापूस मिळाला. नवे पीक बाजारात आणणाऱ्या शेतकऱ्याला मात्र परदेशी गाठींशी स्पर्धा करावी लागली.

त्याच हंगामात भारतीय कपास निगमने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' अ‍ॅपवरील नोंदणी आणली. रांग टळावी आणि खोट्या नावांना आळा बसावा, हा हेतू योग्यच. पण नोंदणीला जमिनीचा व पेऱ्याचा दाखला लागतो. बटाईने शेती करणाऱ्याच्या नावे सातबारा नसतो. कापूस त्याचा असूनही त्याचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे? २०२५-२६च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता; पण त्या रकान्यापाशी अडलेल्या माणसाला हमीभाव मिळत नाही. मिळेल त्या भावात त्याला गाडी रिकामी करावी लागते. प्रोग्रामर ज्याला 'अनिवार्य रकाना' म्हणतो, तो बाजाराच्या फाटकावर कायदा होऊन उभा राहतो.

हे कळायला पदवी पुरेशी नाही. फाटकापाशी उभे राहावे लागते. म्हणून मुलाच्या हाती भांडवल देण्यापूर्वी वडिलांनी त्याला एक हंगाम जिनिंगवर बसवावे: ओलावा कसा तपासतात, उधारी कोणाच्या शब्दावर देतात, शेतकरी कुठे अडतो, हे पाहू द्यावे. आणि त्याच हंगामात वडिलांनीही त्याच्याजवळ बसून प्रोग्राम म्हणजे काय ते समजून घ्यावे. हंगाम संपल्यावर "विकणार काय?" हा प्रश्न पुन्हा विचारावा. कदाचित तेव्हा उत्तर 'अ‍ॅप' एवढेच नसेल. ते कोणाची अडचण सोडवणार, हेही मुलगा सांगू शकेल.