पिंजऱ्याची राखण

एखाद्या नव्या औषधाची वार्ता येते, तेव्हा ते शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव सर्वांच्या मुखी होते. ज्या उंदरांवर ते औषध प्रथम पडताळून पाहिले गेले, त्यांची आठवण फार थोड्यांना होते. आणि त्या उंदरांचे पिंजरे रोज झाडणाऱ्या, त्यांना दाणापाणी घालणाऱ्या माणसाची आठवण तर कोणालाच होत नाही. त्याचे काम हलके समजले जाते. वास्तविक शास्त्रज्ञाच्या हाती सत्य लागते की भ्रम, हे पुष्कळ अंशी याच माणसावर अवलंबून असते.

हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. अशांनी अमेरिकेतील अ‍ॅबी लॅथ्रॉप या बाईंची हकीकत ऐकावी. या बाई मूळच्या शिक्षिका. शाळेची नोकरी सोडल्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅनबी या खेड्यात त्यांनी कोंबड्या पाळून पाहिल्या. पण तो धंदा काही बसला नाही. तेव्हा १९०० च्या सुमारास त्यांनी उंदीर पाळण्यास आरंभ केला. त्या काळी तिकडे हौसेखातर उंदीर बाळगणारे पुष्कळ लोक होते. पांढरे, पिवळट, काळे, स्वतःभोवती गिरक्या घेणारे, असे नाना तऱ्हेचे उंदीर त्यांच्याकडे विकत मिळत. हळूहळू प्रयोगशाळांचीही मागणी येऊ लागली. पुढे पुढे तर त्यांच्या गोठ्यात एका वेळी ११,००० हून अधिक उंदीर नांदत असत! पिंजरे साफ करण्यासाठी गावातील मुले कामाला येत.

लॅथ्रॉपबाईंना विज्ञानाचे विधिवत शिक्षण नव्हते. पण त्यांची नजर तीक्ष्ण होती आणि वह्या नीटनेटक्या होत्या. कोणत्या मादीला कोणत्या नरापासून पिले झाली, याची त्या काटेकोर नोंद ठेवीत. १९०८ मध्ये काही उंदरांच्या अंगावर त्यांना चमत्कारिक गाठी दिसल्या. दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने असे उंदीर गुपचूप फेकून दिले असते. बाईंनी ते तपासणीसाठी शास्त्रज्ञांकडे धाडले. त्या गाठी कर्करोगाच्या आहेत, असे लिओ लोब या शास्त्रज्ञांनी ओळखले. मग दोघांनी मिळून काही वर्षे प्रयोग केले. उंदरांच्या काही कुळांत हा रोग पुष्कळ आढळतो, तर काहींत क्वचितच, हे त्या वह्यांमुळेच दाखविता आले. गोठ्यातली निगा नसती, तर प्रयोगशाळेतला शोध कोठून लागता?

उंदीरच का निवडतात, याचे कारण त्याच्या शरीरधर्मात आहे. मादी सुमारे वीस दिवसांत विते. एका वेळी बहुधा सहा ते आठ पिले होतात. ती जन्मतः उघडी आणि आंधळी असतात. दोन आठवड्यांनी त्यांचे डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी ती आईचे दूध सोडतात आणि सहा ते आठ आठवड्यांत स्वतः पिलांना जन्म देण्याजोगी होतात. माणसाच्या वीस पिढ्यांना चारपाचशे वर्षे लागतील. उंदराच्या वीस पिढ्या थोड्या वर्षांत उलटतात. सलग वीस पिढ्या एकाच कुळातील भावंडांपासून संतती घेतली, तर सारे उंदीर जवळजवळ एका छापाचे निपजतात. असे उंदीर असले म्हणजे दोहोंत दिसणारा फरक औषधाने पडला की रक्तातच होता, ही शंका पुष्कळशी मिटते. लॅथ्रॉपबाईंच्या उंदरांपासून क्लॅरेन्स लिटल या संशोधकाने १९२१ मध्ये एका काळ्या वंशाचा पाया घातला. जगातील प्रयोगशाळांत तो आजही नांदत आहे, आणि २००२ मध्ये उंदराच्या जनुकांचा समग्र आराखडा प्रसिद्ध झाला तो याच वंशाचा होता.

परंतु वंश एक असला म्हणजे भागले असे नाही. उंदीर हा मांजराघुबडांचे भक्ष्य असलेला जीव. दुखणे लपविण्याची त्याला उपजतच सवय असते. डोळे किंचित मिटलेले, कान मागे झुकलेले, पाठीला बाक आलेला, केस विस्कटलेले, एवढ्याच खुणांवरून जाणता राखणदार त्याची व्यथा ओळखतो. पिंजऱ्यात रोगाचा शिरकाव झालेला असताना कोणाच्या ते लक्षात आले नाही, तर उंदीर औषधाने झुरला की रोगाने, हे कोण सांगणार?

नुसते भय सुद्धा निकाल बिघडवू शकते. उंदराला शेपटी धरून उचलण्याची रीत फार जुनी. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०१० मध्ये असे दाखविले की, शेपटीऐवजी ओंजळीत किंवा छोट्या नळीतून उचललेले उंदीर पुष्कळ कमी बिचकतात. बिचकलेल्या प्राण्याचे शरीर शांत प्राण्यासारखे चालत नाही, मग त्यावरून काढलेले अनुमान तरी सरळ कसे असेल? शेपटी सोडून ओंजळ पुढे करण्यास पैसा पडत नाही. थोडा वेळ मात्र लागतो.

येथे कोणी विचारील, 'एवढी कणव आहे, तर या जिवांना पिंजऱ्यात घालताच कशाला?' हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. उंदराने काही आपले शरीर राजीखुशीने देऊ केलेले नसते. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी याचा विचार करून तीन वाटा दाखविल्या: प्राण्यावाचून काम होत असेल तर तसे करावे, होत नसेल तर कमीत कमी प्राणी घ्यावेत, आणि जे घ्यावे लागतील त्यांच्या वेदना शक्य तितक्या कमी कराव्यात. भारतातही १९६० च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली, आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करण्यास २०१४ पासून येथे बंदी आहे. ती योग्यच झाली. चेहऱ्याच्या लेपासाठी सशाचे डोळे चुरचुरावेत, याचे समर्थन कोणत्या तोंडाने करावयाचे?

क्षय किंवा कर्करोग यांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे सगळेच काम अजून प्राण्यावाचून होत नाही. पण अशा कामातही सर्वांत मोठा अन्याय होतो तो निष्काळजीपणाने. घाणेरड्या पिंजऱ्यातील आजारी उंदरांवर केलेला प्रयोग फुकट जातो, तो पुन्हा करावा लागतो, आणि पहिल्या उंदरांनी सोसलेले दुःख कोणाच्याच उपयोगी पडत नाही. प्रयोगाचा निबंध लिहिताना उंदीर कसे राखले, त्यांना काय खाऊ घातले, घरटे करण्यास काय दिले, हे सविस्तर सांगितले पाहिजे. आणि ज्याच्या हातून ही निगा झाली, त्या राखणदाराचे नावही शास्त्रज्ञाच्या नावाशेजारी छापले पाहिजे. लॅथ्रॉपबाईंचे नाव लोब यांनी आपल्या नावाबरोबर छापले होते.