विश्लेषण : प्रकाशाचा वेग फोटॉनगणिक बदलला तर काय बिघडेल?

चेंडू स्टंपला लागला की नाही, यावर मैदानात वाद होईल. पण बेल्स पडल्या असतील, तर त्या स्टँडमधून पाहणाऱ्यासाठीही पडल्या आणि वरून जाणाऱ्या ड्रोनच्या कॅमेऱ्यातही पडल्या. दोन वस्तू एका जागी, एका क्षणी भेटल्या की ती भेट सगळ्यांसाठी भेटच असते. भौतिकशास्त्रात याला ‘लोकॅलिटी’ म्हणजे स्थानिकता म्हणतात. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये लांबी आणि वेळ निरीक्षकागणिक बदलते असं सांगितलं, तेव्हाही याला धक्का लागला नव्हता.

एकविसाव्या शतकात तो लागला, आणि तोही सापेक्षता वाचवण्याच्या प्रयत्नात.

क्वांटम गुरुत्वाकर्षणात प्लांक ऊर्जा ही एक सीमारेषा मानली जाते. ती एलएचसीमधल्या प्रोटॉनच्या टकरीपेक्षा एकावर १५ शून्यं, जवळपास इतक्या पटींनी जास्त आहे. अडचण अशी की, सापेक्षतेनुसार ऊर्जा निरीक्षकाच्या वेगाप्रमाणे बदलते. मग सीमा नेमकी कोणाची धरायची? इटलीचे जिओव्हानी आमेलिनो-कामेलिया यांनी २००० च्या सुमारास उपाय सुचवला : प्रकाशाच्या वेगासारखीच ही सीमाही सगळ्यांसाठी एकच ठेवायची. हीच ‘डबली स्पेशल रिलेटिव्हिटी’. तिच्या काही आवृत्त्यांमध्ये जास्त ऊर्जेचा फोटॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनपेक्षा किंचित हळू धावतो.

हा फरक इतका बारीक की तो दिसायला अब्जावधी वर्षांचा प्रवास लागतो. निसर्गाने तशी शर्यत लावलीही. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने टिपलेल्या गॅमा किरण स्फोटात सात अब्ज वर्षांहून जास्त काळ धावलेले, ऊर्जेत कमालीचा फरक असलेले फोटॉन एका सेकंदाच्या आत पोहोचले. चीनच्या ल्हासो वेधशाळेने ऑक्टोबर २०२२ मधल्या स्फोटावरून ही मर्यादा आणखी आवळली.

पण आमच्या मते खरा घाव दुर्बिणीचा नव्हे, कागदावरचा आहे. २०१० मध्ये सबिने होसेनफेल्डर यांनी विचारलं : समजा, एक सेकंद उशिरा आलेला फोटॉन पृथ्वीवरच्या यंत्रात बरोबर एका इलेक्ट्रॉनला भेटला. आता हेच सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहावरून पाहा. तिथे फोटॉनची ऊर्जा वेगळी, म्हणून त्याचा वेग वेगळा, म्हणून उशीरही वेगळा. हिशेब केला तर चूक किलोमीटरमध्ये मोजावी लागते! म्हणजे पृथ्वीवर भेट झाली आणि उपग्रहावरून पाहता फोटॉन इलेक्ट्रॉनच्या आसपासही फिरकला नाही. मग यंत्रातली नोंद कोणी केली?

आमेलिनो-कामेलिया, स्मोलिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘रिलेटिव्ह लोकॅलिटी’ मांडली. घटनेजवळच्या निरीक्षकाला भेट भेटच दिसते. दुरून पाहणाऱ्याला पडणारी फट त्याने वापरलेल्या मोजपट्टीची असते, असा त्यांचा दावा. कल्पना देखणी आहे, यात शंका नाही. मात्र तिची किंमत मोठी : सगळ्यांचं सामाईक असलेलं एकच अवकाश-काळ सोडून द्यावं लागतं. फोटॉनच्या सेकंदभराच्या उशिरासाठी इतकं मोजायचं, तर आधी तो उशीर एखाद्या स्फोटात नि:संशय दिसायला हवा. अजून तो दिसलेला नाही.